रखमीच्या आतड्यांची झोप

आतडी झोपतात, हे रखमीला साठीला टेकल्यावर कळले. तोवर तिचा समज असा की पोट आपले चालू असते, त्याला कुणी चालवावे लागत नाही. दोन घास खाल्ले की खाली जातात, नाही खाल्ले की कावळे ओरडतात, आणि सकाळी टमरेल घेऊन बांधाकडे जाऊन यायचे. एवढ्याशा कामाला कोण डोके लावतो? डोके लावायला शेत होते, दोन शेळ्या होत्या, वरच्या पाड्याशी पाण्यावरून चाललेले जुने भांडण होते. पोटाकडे बघायची वेळच आली नव्हती.

ती आली दिवाळीनंतर, भात झोडून घरात आला त्या आठवड्यात. तलासरीच्या पूर्वेला, कुर्झे धरणाच्या पलीकडच्या टेकड्यांत रखमीचा पाडा. दुपारी पोटात कळ उठली आणि संध्याकाळपर्यंत रखमी अंगणात गडाबडा लोळायला लागली. ओकारी हिरवी पडली. पाड्यावरच्या भगताने पोटावर हात ठेवला, आणि शहाणा माणूस, लगेच उचलला. हे माझ्या हातातले नाही, गाडी बघा, म्हणाला. सून रविनाने गाडी बघितली, सासूला आत घातले आणि डहाणूच्या इस्पितळात आणले. तिथे डॉक्टर दक्षाबेननी रखमीचे पोट उघडले. लहान आतड्याला पीळ पडला होता, धुतलेले लुगडे पिळावे तसा. त्यांनी तो उलगडला, काळा पडलेला तुकडा कापून दोन टोके जोडली आणि पोट शिवून टाकले. रखमी जगली.

पण आतडी झोपली ती झोपलीच.

बायकांच्या वॉर्डात तिला खिडकीजवळची खाट मिळाली. बाहेर सुरूची झाडे होती आणि तिकडून वारा आला की खारट वास येई. रखमीच्या नाकात नळी होती, नळीतून हिरवट पाणी बाटलीत उतरत होते, आणि पोट भोपळ्याएवढे फुगले होते. येणारा-जाणारा तिला एकच गोष्ट विचारे: वारा सरला का? डॉक्टर विचारत, निलम सिस्टर विचारे, फरशी पुसायला येणारी बाईसुद्धा विचारे. शेजारच्या खाटेवर जवळच्या आगर गावची हिरू होती, मासे विकणारी, पित्ताचे खडे काढून घेतलेली. ती तर सकाळी तोंड धुवायच्या आधी विचारायची, आणि तेही बाजारात भाव विचारतात त्या आवाजात. रखमीला मेल्याहून मेल्यासारखे होई. जन्मभर जी गोष्ट झाली तरी झालीच नाही असे दाखवायचे, ती होत नाही म्हणून आता सगळे इस्पितळ काळजीत पडले होते.

दिवसातला बरा वेळ म्हणजे इंजेक्शननंतरचा.

ते दुखण्याचे इंजेक्शन होते. सुई गेली की आधी पायांची बोटे हलकी होत, मग गुडघे, मग खाट. पंख्याचा आवाज लांब जाई. आणि रखमी आपल्या पाड्याखालच्या ओढ्यावर जाऊन पोचे. ओढा तिचाच होता, पण लांब, वळणावळणांचा, संपतच नाही असा. काठ उबदार आणि पायाखाली मऊ. पाणी भरलेले होते, पण वाहत नव्हते. मासे पाण्यात जागच्या जागी उभे होते. घरांतून निघालेला धूर कौलांवर येऊन थांबला होता, वर जात नव्हता. एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात पाणी सोडायला बांधाला जिथे जिथे मोरी ठेवतात, तिथे तिथे एकेक माणूस गुडघ्यात मान घालून झोपलेला होता. ताडी उतरवून, पिऊन, पोटभर सुखाने झोपतात तसे झोपले होते सगळे. त्यांना उठवावे असे रखमीला कधी वाटले नाही, कारण पलीकडच्या बांधावर पाण्यात पाय सोडून लाहू बसलेला असे.

लाहू तिचा एकुलता एक. पावसाळा सरला की या भागातली पुष्कळ पोरे गुजरातच्या बंदरांत बोटींवर खलाशी म्हणून जातात, तसा तोही जाई आणि परत येई. एका वर्षी बोट परत आली आणि लाहू आला नाही. जाळे ओढताना तोल गेला म्हणे. म्हणे, कारण पडताना कुणी पाहिले नव्हते. समुद्राने काही परत दिले नाही, चप्पलसुद्धा नाही.

पाड्यावर माणूस गेला की त्याचा दिवस घालतात. भोपळ्यांची घांगळी वाजते, गाणारा गातो, आणि गेलेला कुणाच्या तरी अंगात येतो. घरच्यांना काय विचारायचे ते विचारून घ्यायचे. तो त्या तोंडाने उत्तर देतो, आवडीचे चार घास खातो आणि मग त्याला त्याच्या वाटेला लावतात. रखमीने लाहूचा दिवस घालू दिला नव्हता. जो मेलेला कुणी पाहिला नाही, त्याचा दिवस कसला, असे तिचे म्हणणे. तिच्यापुढे बोलायची कुणाची छाती नव्हती. रविनाने तर तोंडच उघडले नाही. लग्नाचे नवेपण सरायच्या आत तिच्यावर ही वेळ आली होती. नवरा गेलेल्या बाईने दुसरे घर केले तर त्यांच्यात कुणी नाक मुरडत नाही, पण आधी गेलेल्याला निरोप द्यावा लागतो. तो दिला नाही तोवर ती लाहूचीच. ती सकाळी चिखले गावी चिकूच्या वाडीत कामाला जाई, संध्याकाळी येऊन चूल पेटवी आणि सासूला वाढी. दोघींचे बरे चालले होते, असे रखमीला तरी वाटे.

ओढ्यावरचा लाहू काही बोलत नसे. पाठ अर्धी वळलेली, केस वाळलेले, अंगात होळीला आणलेला निळा शर्ट. बोलायची ती रखमी. भात यंदा बरा झाला म्हणून सांगायची, तांबडी शेळी व्याली म्हणून सांगायची, पाणी गार हाय, पाय काढ बाहेर, म्हणून रागवायची. मध्येच तो उठेल की काय अशी धास्ती वाटली की म्हणायची, थांब, जाऊ नको. तो थांबे. तिथे सगळेच थांबलेले होते, तसा तोही थांबे, आणि रखमीच्या जिवाला इतका थंडावा मिळे की तो कुठल्या शब्दांत सांगावा हे तिला सुचले नसते.

मग औषध उतरे. पंखा जवळ येई, नळी नाकात टोचे, हिरू विचारे.

टाके ओढत होते, नाही असे नाही. पण रखमीने आयुष्यात याहून जास्त दुखणी चुलीपुढे बसून काढली होती. पहिल्या दिवशीचे दुखणे खरे होते. नंतर नंतर ती नुसती कण्हायला लागली. डोळे घट्ट मिटायचे, दात चावायचे, पाय आखडायचे. हे सोंग तिला चांगले जमले. रविना जवळच बसलेली असायची, ती ताडकन उठून सिस्टरला बोलवायची. कधी कधी तर रखमीने कण्हायच्या आतच सिस्टर सुई घेऊन हजर. पोर किती जपते आपल्याला, असे वाटून रखमीचा ऊर भरून येई, आणि थोडी लाजही वाटे, पण ओढा दिसायला लागला की लाज मागे राही.

त्या दिवशी सकाळी दक्षाबेन फेरीला आल्या. त्या मूळच्या डहाणूच्याच. घरात गुजराती, इस्पितळात मराठी, आणि घाईत असल्या की दोन्ही एकाच वाक्यात. त्यांनी रखमीच्या पोटावर ऐकायची नळी ठेवली आणि कान देऊन बराच वेळ उभ्या राहिल्या. इकडे ठेवली, तिकडे ठेवली. मग नळी गळ्यात अडकवून खाटेच्या कडेला टेकल्या. डॉक्टर खाटेवर बसले की काही खरे नसते, हे वॉर्डातल्या सगळ्या बायकांना ठाऊक होते. हिरूसुद्धा गप्प झाली.

आत अजिबात आवाज नाही, त्या म्हणाल्या. आतापर्यंत थोडी तरी गुरगुर यायला हवी होती. रविनाने विचारले, आतडे कापले म्हणून का? तेव्हा दक्षाबेननी तिला आपल्या हाताची बाही दाखवून समजावले. आतड्याच्या भिंतीत मांसाचे थर असतात, पण ते हातापायाच्या मांसासारखे आपल्या हुकमात नसतात. त्यांच्यात बारीक नसांचे जाळे असते. अन्न आले की भिंत ताणली जाते, ताण ओळखणाऱ्या जागा नसांना कळवतात, आणि नसा एक रस सोडतात. मांसाच्या पेशींवर त्या रसासाठी ठरलेल्या जागा असतात. रस तिथे जाऊन बसला की मागचे मांस आवळते. पुढचे मांस सैल करायला दुसरे रस असतात, त्यांच्या जागा वेगळ्या. मागे आवळ, पुढे सैल, असे करत करत घास पुढे सरकतो. या जागांना डॉक्टर रिसेप्टर म्हणत होत्या. रविनाच्या कपाळावरची आठी बघून म्हणाल्या, दारं समज. ज्याचं दार त्यानंच यायचं. भूल दिली, आतड्याला हात लागला, की हे सगळे काही काळ गप्प होते. ते ठीक आहे, ते उठते. पण मग दुखण्याचे इंजेक्शन येते.

"त्या औषधाला पत्ता वाचता येत नाही, मावशी," दक्षाबेन रखमीकडे वळून म्हणाल्या. "त्याला फक्त दार ओळखता येतं. आपण ते डोक्यासाठी देतो. डोक्यातल्या दारात बसलं की दुखणं कळत नाही. पण तसलीच दारं आतड्याच्या नसांवर पण आहेत ने. तिथेही जाऊन बसतं. मग नसा रस सोडत नाहीत अन् आतडं झोपून राहतं."

खरे तर आता साध्या औषधावर भागायला हवे होते, त्या पुढे म्हणाल्या. ते आतड्याच्या दाराशी जात नाही. पण तुम्ही म्हणता सहन होत नाही, सूनही तेच सांगते. एवढे दुखते आहे, पोट फुगते आहे, आवाज नाही, म्हणजे आतला जोड उसवला की काय अशी शंका येते. उद्या सकाळपर्यंत काही हालचाल दिसली नाही तर पोट पुन्हा उघडून बघावे लागेल. या वयात लागोपाठ दुसऱ्यांदा भूल देणे म्हणजे काय ते त्यांनी लपवले नाही. मला भीती वाटते, असे सरळ सांगितले, आणि रखमीच्या पायावर हात ठेवून पुढच्या खाटेकडे गेल्या.

रखमी छताकडे बघत पडून राहिली. तिला सगळे कळले नव्हते, पण हवे तेवढे कळले होते. बांधाबांधावर झोपलेली ती माणसे कोण, ते आता तिला कुणी सांगायला नको होते. सुई त्यांना झोपवत होती म्हणून पाणी थांबले होते, आणि पाणी थांबले होते म्हणून लाहू. एक शब्द खरा बोलला की पोट वाचणार होते आणि तो जाणार होता. नाही बोलला तर उद्या पुन्हा सुरी. मेली तर मेली, तिच्या मनात आले, तो तिकडेच बसलाय. हे मनात आले आणि ती स्वतःच दचकली. मग तिने तडजोड काढली: आणखी एकदाच. एकदा डोळे भरून बघून घ्यायचे, आणि मग सांगायचे की दुखत नाही. दारू सोडणारे असेच बोलतात, हे तिला गेलेल्या नवऱ्यामुळे चांगले माहीत होते, तरी तिने ते केले.

पण तिने कण्हायला सुरुवातही केली नव्हती, आणि रविना उठून दाराकडे गेली. रखमीने डोळे किलकिले करून पाहिले. दारात रविना सिस्टरला सांगत होती की आईला फार दुखते, बघवत नाही, लवकर या. सकाळी डॉक्टरांचे सगळे ऐकून, समजून घेऊन, ती हे सांगत होती.

निलम सिस्टर ट्रे घेऊन आली. रखमीने हात आखडून घेतला आणि विचारले, दुखते म्हणून कोण बोलले? तुमची सून, सिस्टर म्हणाली, तीच तर सांगते दरवेळी. तेवढ्यात पलीकडच्या खाटेवरची सलाईन संपली म्हणून कुणी हाक मारली आणि सिस्टर ट्रे तिथेच ठेवून तिकडे गेली.

रखमीने सुनेकडे पाहिले. रविना खाली बसली, खाटेच्या लोखंडी दांडीला धरून, आणि आवाज इतका बारीक केला की हिरूला मान लांब करावी लागली.

"तो येतो ना तुझ्या अंगात," ती म्हणाली. "पयल्या दिवशीच वळखलं मी. सुई दिली की तू त्याच्यासारखी बोलतेस. मग मी इचारलं त्याला. थंडी लागते का, इचारलं. तर बोलला, पाणी गार हाय."

रखमीने उशीवरून मान तिच्याकडे वळवली.

"काल इचारलं," रविना पुढे म्हणाली. "वाणगावचा शुक्रा हाय, मिरचीची बाग करतो. त्याची बायको मेली. तो मना इचारतो. मी त्याला काय बोलली नाय अजून. काल लाहूला इचारलं, जाऊ का मी? तर तो बोलला, थांब, जाऊ नको. मी थांबीन, आई. पण कवापर्यंत थांबू, एवढं इचारायचं ऱ्हायलं. एकदाच घे सुई. मंग नको घेऊस."

ही पोर इतके दिवस उशाशी बसून होती ती रखमीसाठी नव्हती. आणि तिला त्याचा राग येईना, कारण ती स्वतः तरी त्या खाटेवर कुणासाठी पडली होती?

तिने काही न बोलता राहायचे ठरवले असते तर तेही झाले असते. हे तिला त्या क्षणी लख्ख दिसले. रविना थांबली असती. घरात चूल पेटत राहिली असती, म्हातारपणी पाणी द्यायला माणूस राहिले असते, आणि यात रखमीने एकही शब्द खोटा बोलायची गरज नव्हती. नुसते गप्प बसायचे. रखमीला ते हवे होते. किती हवे होते हे कळून तिला स्वतःची शरम वाटली.

"तो बोलतच नाय," ती म्हणाली.

रविनाने मान वर केली.

"मना दिसतो. वढ्यावर बसतो, पाठ करून. एक शब्द बोलत नाय, पोरी. माझ्याशी नाय, तुझ्याशी पण नाय. बोलते ती मीच. पाणी गार हाय, पाय काढ, हे मी त्याला बोलली. थांब, जाऊ नको, हे पण मीच त्याला बोलली. तुझं इचारणं मी ऐकलंच नाय."

रविना म्हणाली, तो आवाज तुझा नव्हता. रखमी म्हणाली, औषधाने घसा जड होतो. रविनाच्या चेहऱ्यावरून काहीतरी हळूहळू उतरत गेले, आणि ते बघताना रखमीला वाटले की बोटीवरून पडताना लाहूला कुणी पाहिले नाही, पण आज आपण दोघींनी पाहिले.

सिस्टर परत आली तेव्हा रखमीने तिला सांगितले की दुखत नाही. आज नाही, काल नव्हते, त्याच्या आदल्या दिवशीही फारसे नव्हते. सिस्टर आधी तिच्याकडे आणि मग रविनाकडे बघत राहिली. मग ट्रे उचलून डॉक्टरांना सांगायला गेली. दक्षाबेननी ते इंजेक्शन बंद केले, साधे औषध लावले आणि बाईला चालवा म्हणून निरोप पाठवला. त्या रागावल्या की नाहीत ते रखमीला शेवटपर्यंत कळले नाही.

दुपार वाईट गेली. आता जे दुखत होते ते खरे होते आणि त्याचे सोंग करावे लागत नव्हते. रविनाने तिला खांद्याला धरून वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवले, पुन्हा चालवले, सलाईनची बाटली स्वतःच्या हातात उंच धरून. पण ती सासूकडे बघत नव्हती. हिरूने दोनदा काहीतरी थट्टा केली, तिलाही ती हसली नाही. हातात सगळी काळजी आणि तोंडावर काहीच नाही. रखमीला सुनेचा हा अबोला टाक्यांपेक्षा जास्त लागला. खाटेवर परत पडल्यावर तिने डोळे मिटले ते दमून.

औषध नव्हते तरी ओढा आला. फिकट होता, वॉर्डातले आवाज मधून मधून आत येत होते. पहिल्या बांधावरच्या माणसाने मान वर केली. डोळे चोळले, इकडेतिकडे पाहिले, आणि पलीकडच्याला हाक मारली. तो उठला. त्याने त्याच्या पुढच्याला हाक दिली. अशी हाक वळणावळणाने लांब लांब जात राहिली, ऐकू येईनाशी झाली तरी जात राहिली. एकाने मोरीतली माती काढली. माशांच्या शेपट्या हलल्या. धूर कौलांवरून सुटून वर गेला.

पाणी लाहूच्या पायांशी आले तेव्हा त्याने पाय बाहेर काढले. उभा राहिला, शर्ट झटकला. रखमीच्या ओठांवर तो शब्द आला, रोजचाच, आणि तिने तो गिळला. लाहू पाण्याच्या कडेकडेने उताराला लागला. त्याने मागे वळून पाहिले नाही, आणि रखमीला वाटले, बरे झाले, नाहीतर आपल्याला जमले नसते. वळणावर सागाच्या आड तो गेला. पाणी जातच होते.

पोटात काहीतरी सरकले. आधी डावीकडे, मग खाली, मग एक लांबलचक गुरगुर, आणि त्यानंतर जे झाले ते लपवण्यासारखे नव्हते. सबंध वॉर्डाने ऐकले. दारात फरशी पुसणाऱ्या बाईच्या हातातले फडके थांबले.

"सरला," हिरू म्हणाली. मग सगळ्यांना कळावे म्हणून पुन्हा एकदा मोठ्याने म्हणाली.

बायका हसल्या. निलम सिस्टर धावत आली. मग दक्षाबेन आल्या, नळी पोटावर ठेवून ऐकत राहिल्या आणि ऐकता ऐकता त्यांचे खांदे सैल पडले. उद्याचे रद्द, त्या म्हणाल्या. रात्री घोटभर पाणी द्या, सोसले तर सकाळी पेज. जाताना त्यांनी रखमीच्या गालाला हात लावला. रखमी लाजेने पदर तोंडावर ओढून घेत होती आणि पदराआड तिचे डोळे वाहत होते.

दिवे लागले. सुरूच्या झाडांवरून वारा येत होता. रविना खाटेखालचे भांडे धुऊन आणून, हात पुसत, खाटेजवळ उभी राहिली. तिने दुपारपासून पहिल्यांदा तोंड उघडले.

"मंग मी कुणाला इचारू?"

"मना इचार," रखमी म्हणाली. "मी जागी हाय."

रविनाला ते जमायला वेळ लागला. गेलेल्याला विचारणे सोपे होते, तो डोळे मिटून असतो. इथे सासू उघड्या डोळ्यांनी तिच्याकडे बघत होती. शेवटी तिने खिडकीबाहेर बघत विचारले, "जाऊ का मी?"

रखमीला घर दिसले. भाताच्या कणगीजवळचा कोपरा, दोन ताटल्या. तोंडात पुन्हा तोच शब्द येऊन बसला. थांब म्हणायला किती थोडे लागते.

"जा," ती म्हणाली. "मी घरी आली की लाहूचा दिवस घालू. मंग जा. शुक्राला सांग, सासू हो बोलली."

रविना खाली बसली, खाटेच्या कडेवर डोके टेकले आणि मोठमोठ्याने रडायला लागली. बोट परत आली त्या दिवशी ती अशी रडली नव्हती, कारण सासूने रडू दिले नव्हते; जो गेलाच नाही त्याच्यासाठी रडायचे नाही, असे घरात ठरले होते. आता ती सगळे एकदम रडत होती.

अगो, सासूचा वारा सरला तर रडतेस काय, शेजारून हिरू म्हणाली, आणि बायका पुन्हा हसल्या. रखमीने सुनेच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिला रडू दिले.